बोनेअरचे आठ दिवस: मुक्काम कुठे, टाक्या कुठे

बोनेअर बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. नकाशात ते कोपरात वाकवलेल्या हातासारखं दिसतं. वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्वेच्या किनाऱ्यावर लाटा सतत फुटत असतात आणि पश्चिमेचं पाणी शांत राहतं. पश्चिमेला प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून इतकी जवळ आहे की डाइव्हसाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला, बोटीची गरज लागत नाही. रस्त्याकडेला पिवळा रंग दिलेले दगड ठेवलेले आहेत, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. पिकअप थांबवायची, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात जायचं.

म्हणूनच इथे खोली बघताना पहिला प्रश्न टाक्यांचा. त्या कुठे भरतात, किती वाजेपर्यंत मिळतात आणि तिथून पाण्यात उतरायला किती पावलं पडतात? पलंग, पोहण्याचा तलाव, नाश्ता हे सगळं त्यानंतर. आम्ही आठ दिवसांचे दोन भाग केले. पहिले चार दिवस स्वतःचा धक्का असलेल्या डाइव्ह रिसॉर्टमध्ये आणि पुढचे चार बेल्नेम वस्तीतल्या अपार्टमेंटमध्ये.

पहिला दिवस: पोचणं

मुंबईहून ॲम्स्टरडॅम आणि तिथून बोनेअर. अमेरिकेतल्या मंडळींना मायामी, अटलांटा, ह्यूस्टन किंवा न्यूअर्कहून यायचं सोपं पडतं. बेट नेदरलँड्सचा भाग असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, म्हणून व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी वेगळे तपासा. ७५ डॉलरचा प्रवेशकर निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून ठेवला की विमानतळावरची रांग टळते. समुद्री उद्यानाचं ४० डॉलरचं शुल्कही घरूनच भरता येतं. ते त्या कॅलेंडर वर्षापुरतं चालतं. चलन अमेरिकन डॉलर आहे.

राहण्याचे पट्टे असे. राजधानी क्रालेन्डाइक पश्चिम किनाऱ्याच्या मध्यावर. तिथे आणि तिच्या लगेच उत्तरेला बहुतेक डाइव्ह रिसॉर्ट्स. विमानतळाच्या दक्षिणेला बेल्नेम, म्हणजे बंगले आणि अपार्टमेंट. पूर्वेला सोरोबोन, लाक नावाच्या उथळ खाडीवर. ती जागा विंडसर्फिंगवाल्यांची. डाइव्हसाठी तिथे राहिलात तर रोज सकाळी बेट ओलांडावं लागतं. उत्तरेला डोंगरात रिंकॉन, बेटावरचं सर्वांत जुनं गाव. सुंदर आहे, पण समुद्र लांब.

आमच्या रिसॉर्टमध्ये धक्क्याला लागून टाक्यांची खोली होती आणि ती रात्रभर उघडी असायची. चौकशी करताना ‘२४ तास टाक्या मिळतात का’ हे शब्द वापरूनच विचारा. ‘डाइव्ह सेंटर आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका.

दुसरा दिवस: ओळखीची डाइव्ह

समुद्री उद्यान १९७९ सालचं. किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंतचं सगळं पाणी त्यात येतं. कितीही अनुभवी असलात तरी आधी माहितीसत्र आणि मग तिथल्याच प्रवाळावर तपासणीची पहिली डाइव्ह करावी लागते. हातमोजे चालत नाहीत. सत्र घेणारी बाई मूळची बेटावरचीच. तिने कारण एका वाक्यात सांगितलं: "हातात मोजा असला की माणूस धरतो, नसला की हात आखडता घेतो." २०२३ पासून दगडी प्रवाळाला ऊती झडण्याचा रोग लागला आहे. त्यामुळे दुसऱ्या समुद्रात वापरलेलं सामान निर्जंतुक करून आणा. घरीच धुऊन पूर्ण सुकवून नेलं तर निम्मं काम झालेलं असतं.

पहिल्या डाइव्हचा खरा उपयोग बुडण्यासाठी अंगावर बांधायचं वजन ठरवायला होतो. इथे ८० घनफुटांची ॲल्युमिनियमची टाकी मिळते, म्हणजे ११ लिटर, २०० बार दाबाने भरलेली. भरलेल्या टाकीत अडीच किलोहून जास्त हवा असते आणि ती संपत आली की टाकी वर ओढायला लागते. म्हणून वजन डाइव्हच्या शेवटी तपासायचं. ५० बार उरलेले असताना, पाच मीटरवर, बीसीडी (हवा भरून फुगवायचं जाकीट) रिकामी करून स्थिर राहता आलं की वजन बरोबर. तीन मिलिमीटरच्या रबरी सूटवर आमचं चार ते पाच किलोंत भागलं. भरल्या टाकीनिशी पृष्ठभागावर जड वाटतं म्हणून एक किलो काढून ठेवणारा माणूस तासाभराने पाच मीटरवर थांबू शकत नाही.

रिसॉर्टचा धक्का चांगला की वाईट हे शिडीवर कळतं. रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा असेल तर फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ही, हातात घेऊन वर येता येतं. उभी अरुंद शिडी असेल तर दिवसाची चौथी डाइव्ह नकोशी होते. धुण्याची पिंपं दोन हवीत: एक सूट आणि बुटांचं, दुसरं फक्त रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) आणि कॅमेऱ्याचं. सूट ज्या पाण्यात बुचकळले त्यात रेग्युलेटर बुडवायचा नाही. वाळू आत जाऊन बसते.

रात्री तिथेच उतरलो. धक्क्याखाली टार्पन नावाचे मासे असतात, दीड मीटरच्या आसपास लांबीचे, चांदीच्या पत्र्यासारखे खवले. त्यांना बॅटरीच्या उजेडात शिकार करायची सवय लागली आहे. ते खांद्यावरून पुढे येतात आणि झोतात सापडलेला मासा गिळतात. झोपलेल्या पोपटमाशावर झोत रोखून धरला तर त्याचा जीव जाऊ शकतो. एक नजर टाकायची आणि उजेड वाळूकडे वळवायचा.

तिसरा दिवस: दक्षिण

पिकअपबद्दल आधी. किल्ली साधी लोखंडी मागून घ्या, बटणांची नको. साधी किल्ली बीसीडीच्या खिशात जाते, बटणांचीला जलरोधक डबी लागते आणि डबी कधीतरी गळते. डाइव्हला जाताना गाडीत काहीही ठेवायचं नाही, काचा उघड्या आणि दारं न लावलेली. बंद गाडीची काच फोडतात, उघडीत डोकावून निघून जातात. पासपोर्ट खोलीत. गॉगल, चपला, टॉवेल असं गेलं तर चालेल तेवढंच बरोबर.

हिल्मा हूकर हे ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज १९८४ मध्ये बिघाड होऊन बोनेअरच्या धक्क्याला आलं. झडतीत खोट्या भिंतीमागे गांजाचा मोठा साठा निघाला. गळकं जहाज धक्क्यावरून हलवलं आणि १२ सप्टेंबर १९८४ ला ते बुडालं. आता उजव्या कुशीवर, ३० मीटरवर पडलेलं आहे. वरची बाजू १८ मीटरच्या सुमाराला लागते. नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सची मर्यादा, ऑक्सिजनचा दाब १.४ बार धरला तर, साधारण ३३ मीटर, म्हणजे तळ आवाक्यात आहे, पण त्याहून फार खोल जायला जागा नाही. तळाशी पाच-सात मिनिटं आणि मग कलत्या अंगावरून हळूहळू वर, असा क्रम ठेवला की हवाही पुरते आणि मनगटावरचा डाइव्ह कंप्युटरही शांत राहतो. आत शिरायचं नाही.

नायट्रॉक्सची प्रत्येक टाकी स्वतः तपासून, टक्केवारी पट्टीवर लिहून, वहीत सही करूनच गाडीत घालायची. सकाळी घेतलेल्या सहा टाक्यांपैकी एकीच्या तोंडाची रबरी कडी गळत होती. दोन-तीन जादा कड्या आणि ती काढायची पितळी आकडी खिशात असली की अशी डाइव्ह वाया जात नाही. उन्हात उभ्या गाडीत २०० दाखवणारा काटा पाण्यात गेल्यावर थोडा उतरतो. ते गळणं नव्हे, हवा थंड झालेली असते.

पुढे सॉल्ट पिअर. मिठाच्या पांढऱ्या टेकड्या, मागे गुलाबी आगरं, रस्त्याच्या एका अंगाला रोहित पक्षी. जहाज लागलेलं असलं की धक्क्याखाली उतरायला बंदी. त्या दिवशी जहाज होतं. म्हणून आणखी दक्षिणेला गेलो.

तिथे व्हाइट स्लेव्ह नावाची जागा आहे. रस्त्याला लागून १८५० सालच्या दगडी खोपट्यांची रांग, दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. आगरात मीठ काढणारे गुलाम आठवडाभर यात झोपत आणि सुटीला रिंकॉनपर्यंत चालत घरी जात. कॅरिबियनमधल्या डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ ला संपली. एका खोपट्यात दोन माणसं आडवी होतील एवढीच जमीन आहे. बघून मग पाण्यात उतरा, जागेचं नाव वाचून नुसते पुढे जाऊ नका.

दक्षिणेत उतरताना पाय मोडतात ते खडकांवर. किनारा जुन्या प्रवाळाचा, सुऱ्यासारखा धारदार, आणि त्यापुढे पायाखाली गडगडणारे तुकडे. जाड तळव्याचे बूट आणि पट्ट्याच्या फिन्सच हव्यात. पायात घट्ट बसणाऱ्या फिन्स इथे निरुपयोगी. पद्धत अशी: बीसीडी फुगवलेली, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात. पाय घासत पुढे. पाणी कमरेला लागलं की लाट जाऊ द्यायची, आडवं व्हायचं आणि मग फिन्स चढवायच्या. उभ्याने फिन्स घालायला गेलं की पुढची लाट बसवते, आणि बसायला समुद्री साळू असतातच. तारकर्लीला बोटीवरून उलटी उडी मारायला शिकलेल्यांनी पहिले दोन दिवस या उतरण्यासाठी राखून ठेवावेत.

चौथा दिवस: उत्तर, आणि रात्रीचे मणी

उत्तरेचा किनारी रस्ता थाउजंड स्टेप्सच्या पुढे एकेरी होतो. तिथून पुढची जागा चुकली की मागे वळता येत नाही, रिंकॉनमार्गे पूर्ण वळसा पडतो. म्हणून सकाळी क्रम ठरवूनच निघा: ऑइल स्लिक लीप, मग थाउजंड स्टेप्स, शेवटी कार्पाटा. पहिल्या जागी कड्यावरून उडी आणि परत यायला शिडी. दुसऱ्या जागी नावात हजार असले तरी पायऱ्या सत्तरच्या आत-बाहेर आहेत. वर येताना प्रत्येक पायरी टाकीसकट मोजली जाते, तेव्हा ही डाइव्ह सकाळी करा, दुपारी नको.

दिशेचा नियम सगळीकडे एकच. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, भिंत एका खांद्याला ठेवायची, १२० बारला वळायचं आणि परतीला प्रवाहाबरोबर, वरच्या थरात. उतरताना नांगराच्या बोयाखाली एखादी खूण डोक्यात ठेवा: मोठा स्पंज, पडकी साखळी, काहीही. बाहेर यायची वाट किनाऱ्यावरून दिसते, पाण्यातून दिसत नाही.

पहिल्या चार रात्री रिसॉर्टमध्ये ठेवण्यामागे चंद्र होता. पोचलो त्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या रात्री सूर्यास्तानंतर पूर्ण काळोखाचा एक तुकडा मिळतो. त्या वेळी ऑस्ट्रॅकॉड बाहेर पडतात. हे मोहरीच्या दाण्याएवढे कवचधारी जीव. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, मऊ प्रवाळावर, पाच मीटरवर बॅटऱ्या बंद करून थांबायचं. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग एक निळसर ठिपका. त्याच्या वर वितीभर अंतरावर दुसरा, तिसरा, चौथा, आणि खालचा विझायच्या आत वरचा पेटलेला. ओवत नेलेली मण्यांची माळ. थोड्या वेळात चहूकडे माळा. नर माद्यांना बोलावतात आणि प्रत्येक जातीची माळ वेगळ्या अंतराची असते. पंधरा-वीस मिनिटांत संपतं.

यासाठी पाणी खोलीपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं आणि धक्क्यावर झगमगाट नको. आमच्या शेजारच्या धक्क्यावर रात्रभर पाण्याखाली दिवे होते. त्या बाजूला एकही माळ दिसली नाही. खोली घेताना हेही विचारा.

पाचवा दिवस: मुक्काम हलवला

बेल्नेमचं अपार्टमेंट रिसॉर्टपेक्षा बरंच स्वस्त. स्वयंपाकघर, अंगण, पिकअप उभी करायला जागा. जाहिरातीत ‘समुद्रासमोर’ लिहिलं होतं आणि समुद्र समोर होताही, पण मध्ये रस्ता आणि पुढे दोन-तीन मीटर उंचीचा खडकाळ कडा. उतरायला पायऱ्या पुढच्या सार्वजनिक जागी. ‘समुद्रासमोर’ आणि ‘समुद्रात उतरता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे भरण्याआधी पाण्यात उतरण्याच्या जागेचा फोटो मागा, खिडकीतल्या दृश्याचा नको.

टाक्यांचं दुकान गाडीने पाच मिनिटांवर, गाडीतूनच टाक्या बदलून मिळतात, पण संध्याकाळी बंद. म्हणून हिशोब सकाळीच करावा लागतो. दोघांच्या दिवसाला तीन डाइव्ह म्हणजे सहा टाक्या, अधिक एक जादा. रात्रीची डाइव्ह असेल तर नऊ. पिकअपच्या फळीवर किती खाचे आहेत ते गाडी घेतानाच मोजा.

वातानुकूलनाची वीज इथे बऱ्याच ठिकाणी मीटरने वेगळी मोजतात. वीज महाग आहे. वारा असतो तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून पंख्यावर भागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडला की भागत नाही. दाब १२७ व्होल्ट, खाचा अमेरिकन पद्धतीच्या. कॅमेरा आणि बॅटरीचे चार्जर चालतात. घरचा २३० व्होल्टचा भाताचा कुकर नेऊ नका, तो नुसता कोमट होतो. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, पिण्याजोगं आणि चवीला चांगलं.

सहावा दिवस: क्लाइन बोनेअर

समोरचं निर्मनुष्य बेट. डाइव्ह सेंटरच्या बोटीने दोन डाइव्ह केल्या. तिथली भिंत उथळ सुरू होते आणि अंगाला लागूनच खाली जाते. कासवं भरपूर. चार दिवस खडकांवरून चालल्यावर गुडघ्यांना हा बोटीचा दिवस मानवतो. तो आठवड्याच्या मध्यावर ठेवा.

दुपारी शहरात एका टपरीवर काब्रितु स्तोबा, म्हणजे बोकडाचा मऊ शिजलेला रस्सा, आणि बरोबर फुंची. फुंची ही मक्याच्या पिठाची घट्ट उकड. गरम असताना मऊ, गार झाली की सुरीने कापावी लागते. शाकाहारी माणसाला फुंची, तळलेली केळी, डाळभात असं मिळतं, पण रोज नाही. अपार्टमेंटच्या स्वयंपाकघराचे पैसे तिथे वसूल होतात.

सातवा दिवस: सॉल्ट पिअर, आणि शेवटची डाइव्ह

जहाज निघून गेलं होतं. बेल्नेमहून दहा-पंधरा मिनिटांत पोचलो, सकाळी सात वाजता दुसरी गाडी नव्हती. दक्षिणेत राहण्याचा हा फायदा. लोखंडी खांबांना नारिंगी आणि जांभळ्या स्पंजांचे थर, मधून उन्हाचे उभे पट्टे, सावलीत माशांचे थवे जागच्या जागी तरंगत. खोली बारा मीटरच्या आसपास, म्हणून एक टाकी सव्वा तास पुरली. वारा दक्षिण टोकाला वळसा घालून येतो आणि दहानंतर तिथे लाटा वाढतात, तेव्हा लवकर जा.

शेवटची डाइव्ह दुपारी बाराला संपवली. रोज अनेक डाइव्ह केल्यावर विमानापूर्वी किमान १८ तास कोरडे ठेवायचे. आम्ही चोवीसच्या वर ठेवले. क्रालेन्डाइकच्या रुग्णालयात डाइव्हच्या आजारावर उपचाराचा दाबकक्ष आहे. तरीही डाइव्हचा विमा घरून काढूनच या.

आठवा दिवस: वॉशिंग्टन स्लागबाई आणि रिंकॉन

उत्तरेचं राष्ट्रीय उद्यान १९६९ सालचं. समुद्री उद्यानाच्या शुल्काच्या पावतीवरच प्रवेश मिळतो, ओळखपत्र बरोबर हवं. रस्ता खडबडीत, उंच गाडीच हवी. सकाळी दार उघडताच आत जा, कारण दुपारनंतर प्रवेश बंद होतो. निवडुंग, इग्वाना, खाजणात रोहित पक्षी.

परतताना रिंकॉनमध्ये एका आजींच्या दुकानात थांबलो. इथे "बोन दिया" म्हटल्याशिवाय काही मागायचं नसतं. आधी नमस्कार, मग खरेदी. पापियामेंतु भाषेत पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिसळलेलं आहे. फळीवरच्या करंडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "बताता." बटाटाच. कोपऱ्यातल्या पादत्राणांना "सापातु." आमच्या घरात सपाता म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि नातवाला हाक मारून पुन्हा ऐकवलं.

संध्याकाळी विमान. आदल्या दुपारी धुतलेले सूट आणि बीसीडी बेल्नेमच्या अंगणात वाऱ्यावर टांगले होते, ते रात्रीपर्यंत खडखडीत सुकले होते. रेग्युलेटर सावलीत. बूट मात्र तळव्यात ओलेच राहतात. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वेगळ्या पिशवीत घाला आणि बॅग वजनकाट्यावर ठेवण्याआधी बोळे काढून टाका.